परतीच्या भाड्याचे गणित

‘पुणे, पुणे, एक सीट पुणे!’ ही दादर पूर्वेची हाळी मुंबईकरांच्या किमान दोन पिढ्यांच्या कानांत बसलेली आहे. तीन प्रवासी आत बसलेले असतात, सामान डिकीत गेलेले असते आणि चौथा प्रवासी मिळेपर्यंत चालक बाहेर उभा असतो. डेक्कन क्वीनला वेळापत्रक आहे, एसटीच्या शिवनेरीला आहे. शेअर टॅक्सीला ते कधीच नव्हते. ती भरली की सुटते. तरीही घाईतला माणूस टॅक्सीकडे वळत आला, कारण तिथे आरक्षण लागत नाही, प्रतीक्षायादी नसते आणि चौथी सीट भरल्यावर मध्ये कोणी चढत-उतरत नाही.

आज ‘पुण्याला टॅक्सीने जाऊ’ या एका वाक्याचे निदान चार अर्थ होतात. दादर किंवा पुणे स्टेशनच्या थांब्यावरची शेअर टॅक्सी हा पहिला. ट्रॅव्हल एजन्सीकडून दिवसाच्या हिशेबाने घेतलेली टुरिस्ट गाडी हा दुसरा. मोबाइल अॅपवरून मागवलेली एकेरी गाडी हा तिसरा. विमानतळावरून थेट घराच्या दारापर्यंत सोडणारी, सीटप्रमाणे किंवा पूर्ण मिळणारी गाडी हा चौथा. गाडी अनेकदा एकाच बनावटीची, रस्ताही एकच; करार मात्र प्रत्येक वेळी वेगळा असतो. प्रवासी सहसा एकच प्रश्न विचारतो, ‘किलोमीटरला काय घेणार?’ या व्यवसायातला खरा प्रश्न दुसराच आहे. गाडी परत येताना रिकामी येणार की भरलेली, आणि रिकामी आली तर त्याचे पैसे कोण देणार? भाड्याचा आकडा, चालकाची घाई, निघण्यापूर्वी येणारे ‘कुठे जायचंय?’ विचारणारे फोन, इतकेच नव्हे तर चालकाची झोपसुद्धा या एका प्रश्नाशी बांधलेली आहे.

<b>चार सीटचा हिशेब</b>

शेअर टॅक्सीने हा प्रश्न फार साधेपणाने सोडवला. दोन्ही टोकांना थांबा, दोन्ही टोकांना रांग. पुण्यात प्रवासी उतरले की गाडी पुणे स्टेशनच्या रांगेत लागते आणि मुंबईचे चार प्रवासी घेऊन परतते. त्यामुळे प्रवाशाकडून फक्त जाण्याचे पैसे घेतले तरी चालकाला परवडते. प्रति सीट भाडे चालकाच्या मर्जीवर नसते, परिवहन प्राधिकरण ते ठरवून देते. वातानुकूलित आणि साध्या गाडीचे दर वेगळे असतात. थांब्यावर दरफलक असेल तर तो वाचावा. नसेल तर बसण्यापूर्वी रक्कम विचारून घ्यावी. घाटात हिशेब काढत बसण्यात अर्थ नसतो.

एका गोष्टीचा अनेकांना संभ्रम असतो. प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेणे म्हणजे बेकायदा टप्पा वाहतूक नाही का? मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये याचे उत्तर आहे. संपूर्ण वाहन एका कराराने भाड्याने देणे ही ‘कंत्राटी वाहतूक’; प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेऊन नेणे ही ‘टप्पा वाहतूक’, म्हणजे एसटीचे क्षेत्र. परंतु कंत्राटी वाहनाच्या व्याख्येतच कायद्याने सवलत ठेवली आहे. चालक सोडून सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या मोटार कॅबने वेगवेगळी भाडी घेतली तरी ती कंत्राटी वाहनच मानली जाते. दादरची ‘एक सीट’ या ओळीवर उभी आहे. पूर्ण बस कराराने देण्याचा परवाना घेऊन वाटेत एकेक प्रवासी उचलणाऱ्या खासगी बसला ही सोय नाही, म्हणून बसचालक आणि आरटीओ यांचा लपंडाव चालतो.

शेअर टॅक्सीतले अलिखित नियम प्रवासातच शिकायचे. पुढची सीट प्रथम येणाऱ्याची, पण सोबत वृद्ध किंवा घाट लागणारा प्रवासी असेल तर बहुधा कोणी तरी जागा बदलून देतो. चौथा प्रवासी मिळत नसेल तर उरलेले तिघे मिळून रिकाम्या सीटचे पैसे देतात आणि गाडी लगेच निघते. हे ठरवताना चालक मध्ये पडत नाही. पुण्याकडून येताना कोण कुठे उतरणार हे निघतानाच सांगून टाकावे. वाटेवरच्या वाशी, चेंबूर किंवा शीवला उतरवून घेणे सोपे असते, अंधेरीला सोडा म्हणणे म्हणजे नवा सौदा.

या गाड्यांचा चेहरामोहरा तीन दशकांत बदलला. एके काळी पुण्याची टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनीच. बोर घाटात ती तापायची, चालक बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा आणि प्रवासी खंडाळ्याची हवा खात उभे राहायचे. १९९८ च्या अखेरीस इंडिका आली, २००० मध्ये क्वालिस आणि २००५ मध्ये इनोव्हा. टुरिस्ट व्यवसायाचा नकाशा या तीन गाड्यांनी बदलला. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. रस्ताही बदलला. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत बोर घाटातला गाडीरस्ता खुला झाला होता; सुमारे ९५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि टॅक्सीला एका दिवसात जास्त फेऱ्या करता येऊ लागल्या. हा शेवटचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

<b>तीनशे किलोमीटरचा ‘दिवस’</b>

एजन्सीच्या गाडीत परतीचे पैसे प्रवासी देतो, हे गृहीत धरलेले असते. प्रश्न इतकाच, की ते किती. बहुतेक ठिकाणी बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरची अट असते. गाडी कमी चालली तरी तेवढ्याचे पैसे लागतात, जास्त चालली तर प्रत्यक्ष किलोमीटरचे. त्यावर चालकाचा भत्ता, रात्रीचा मुक्काम असेल तर मुक्कामभत्ता, टोल, वाहनतळाचे शुल्क आणि परराज्यात जायचे असेल तर तिथला कर.

उदाहरणच घ्यायचे तर पुण्याहून नाशिकला दोन दिवसांसाठी जाणाऱ्या कुटुंबाचे घ्यावे. अंतर सुमारे २१० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४२०. दर किलोमीटरला १४ रुपये धरला तर मनात हिशेब होतो ५,८८० रुपयांचा. बिल मात्र दोन दिवसांच्या ६०० किलोमीटरचे, म्हणजे ८,४०० रुपयांचे येते. फरक २,५२० रुपयांचा. त्यात चालकाचा भत्ता आणि टोल अजून धरलेला नाही. यात फसवणूक नसते. गाडी दोन दिवस नाशिकला अडकून पडते, त्या काळात मालकाला दुसरे भाडे घेता येत नाही. परंतु हे आधी सांगितलेले असायला हवे आणि पुष्कळदा ते फोनवर सांगितले जात नाही. अशा प्रवासात दोन दिवस गाडी थांबवून ठेवण्यापेक्षा जाताना एक आणि येताना एक अशा दोन एकेरी गाड्या स्वस्त पडतात का, हे विचारून पाहावे. पुष्कळदा पडतात.

दुसरी खाच तारखेची. अनेक एजन्सींचा ‘दिवस’ चोवीस तासांचा नसतो, तो मध्यरात्री बारापासून मध्यरात्री बारापर्यंतचा असतो. रात्री ११ ला पुण्याहून निघालेली गाडी मुंबई विमानतळावर पाहुण्यांना घेऊन पहाटे ५ ला परतली, तर प्रवास सहा तासांचा आणि दिवस दोन. ३०० किलोमीटरच्या फेरीचे ६०० किलोमीटर आकारले गेल्याच्या तक्रारींचे मूळ इथे असते. यावर उपाय एकच. अशा फेरीसाठी किलोमीटरचा दर न ठरवता ‘पिकअप’ किंवा ‘ड्रॉप’चा ठोक दर ठरवावा, आणि त्यात टोल, वाहनतळ आणि विमान उशिरा आल्यास थांबण्याचे पैसे धरलेले आहेत की नाहीत, हे लेखी घ्यावे. मोबाइलवरचा संदेशही लेखीच.

तिसरी बाब किलोमीटर कुठून मोजणार याची. ‘गॅरेज टू गॅरेज’ असे ठरले असेल तर गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून मीटर धरला जातो. राहायला कोथरूडला आणि एजन्सी हडपसरला असेल, तर प्रवासी गाडीत पाऊल ठेवण्यापूर्वीच काही किलोमीटर झालेले असतात, परततानाही तेवढेच होतात. निघताना ड्यूटी स्लिपवर लिहिलेला आकडा आणि गाडीच्या मीटरवरचा आकडा जुळतो का, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. स्लिपवर सही करण्यापूर्वी ते पाहावे.

टोलबाबत सांगायचे तर द्रुतगती मार्गावर मोटारीचा एकेरी टोल १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये झाला. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर मोटारीसाठी एकेरी २५० रुपयांचा दर ठरला. दक्षिण मुंबईत जायचे असेल तर वेळ वाचतो, पण त्या मार्गाने जायचे की नाही हे चालकाने नव्हे, प्रवाशाने ठरवावे आणि आधी ठरवावे. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाला. जुन्या सवयीने ‘वाशी टोल’ ही ओळ बिलावर दिसली तर विचारायला हरकत नाही. फास्टॅगमुळे आता प्रत्येक टोलची नोंद मिनिटासकट राहते. बिलाशी ती ताडून पाहता येते.

अॅपवरच्या गाडीचे गणित वेगळे. तिथे प्रवासी जाण्याचेच भाडे भरतो आणि परतीची जबाबदारी, बोलायचे नाही तरी, चालकावर येऊन पडते. त्याला पुण्याहून मुंबईचे भाडे लगेच मिळाले तर तो फायद्यात. तीन तास वाकडला थांबूनही मिळाले नाही तर तो रिकामाच घाट उतरतो. निघण्यापूर्वी येणारा ‘पैसे रोख देणार की ऑनलाइन?’ हा फोन आणि त्यानंतर रद्द होणारी फेरी यामागे पुष्कळदा हेच कारण असते. अॅपवर फेरी रद्द करून ‘तेवढेच पैसे मला थेट द्या’ अशी गळ घातली जाते, ती मात्र मान्य करू नये. फेरी रद्द झाली की अॅपवर प्रवासाची नोंद राहत नाही, गाडी कुठे आहे हे कोणाला दिसत नाही आणि काही घडले तर कंपनी हात वर करते.

<b>रात्री अकराची गाडी</b>

पुणे-मुंबई टॅक्सीचा मोठा ग्राहक म्हणजे विमानाचा प्रवासी. पुण्याचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर असल्याने तिथून परदेशी उड्डाणे मोजकीच. अमेरिकेत मुलाकडे निघालेले आईवडील, आयटी कंपन्यांतले अभियंते, शिकायला निघालेली मुले या सर्वांना मुंबई गाठावी लागते, आणि परदेशी विमानांच्या वेळा मध्यरात्र ते पहाट या पट्ट्यात दाटलेल्या असतात. म्हणून पुण्यातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या फाटकांवर रात्री दहा-अकराला डिकी उघडलेल्या गाड्या दिसतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तेव्हापासून ‘मुंबई विमानतळ’ एवढे सांगून भागत नाही. कोणता विमानतळ आणि सांताक्रूझ-अंधेरीकडचा असेल तर कोणते टर्मिनल, हे गाडी सांगतानाच सांगावे.

या प्रवासातला धोका भाड्याचा नाही, झोपेचा आहे. परतीचे गणित चालकाच्या अंगावर येते ते इथे. दिवसा मुंबईची एक फेरी करून आलेला चालक रात्री पुन्हा विमानतळाची फेरी घेतो, कारण रिकामा वेळ म्हणजे बुडालेले हप्ते. मालक स्वतः चालक असेल तर त्याला नाही म्हणणारे कोणी नसते. पगारी चालक असेल तर नाही म्हणण्याची त्याची हिंमत नसते. विमानतळावर प्रवाशांना सोडून तो परत निघतो, किंवा उशीर झालेल्या विमानाची वाट पाहत वाहनतळावर काच बोटभर खाली करून, सीट मागे टाकून पडतो. त्याला मिळणाऱ्या रात्रीच्या भत्त्यात खोली येत नाही. पहाटे ३ ते ५ या वेळात, घाट चढून लोणावळ्याच्या सपाटीवर आल्यावर, सरळ रस्ता आणि गाडीचा एकसुरी आवाज यांत त्याचा डोळा लागतो. घाटात वळणे असतात, तिथे माणूस जागा राहतो.

कायद्याने हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, लांब पल्ल्यासाठी १० तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती अशी मर्यादा घालून दिली. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन व्यवसायांसाठी होता. एक-दोन गाड्यांचे मालक, म्हणजे या मार्गावरचा मोठा वर्ग, त्याच्या बाहेरच राहिला. तिथे तास मोजणारे कोणी नाही. मोजायचे झाल्यास प्रवाशानेच मोजावे लागतात.

त्यासाठी चौकशी अवघड नाही. गाडी दाराशी आल्यावर ‘काका, आज सकाळी कुठे होता?’ एवढे सहज विचारावे. उत्तर ‘आत्ताच मुंबईहून आलो’ असे आले तर एजन्सीला फोन करून चालक बदलून मागावा. हे सामान डिकीत जाण्यापूर्वी करावे, नंतर संकोच वाटतो. वेळ घट्ट धरू नये. विमानाला उशीर होईल या धास्तीने प्रवासीच चालकाला पळवतो, म्हणून तासभर आधी निघालेले बरे. खालापूरच्या फूड मॉलवर चहासाठी थांबावे आणि तो चहा चालकालाही मिळेल असे पाहावे. द्रुतगती मार्गावर ठरलेल्या जागा सोडून कडेला गाडी उभी करणे नियमबाह्य आहे आणि जीवघेणेही. बिघाड झाल्याशिवाय तसे थांबू नये. परतीच्या पिकअपला विमान दोन तास उशिरा असल्याचे कळले तर चालकाला तसे कळवून ‘तोवर झोपून घ्या’ म्हणावे. बाहेर दरवाज्यापाशी नावाची पाटी धरून दोन तास उभा राहिलेला चालकच पुढचे तीन तास गाडी चालवणार असतो. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपू नये हा जुन्या लोकांचा नियमही मोडीत काढण्यासारखा नाही.

पट्ट्याची गोष्टही याच रस्त्याने आली. मागच्या सीटवरच्या प्रवाशाने पट्टा लावणे नियमाने आधीपासून बंधनकारक होते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,००० रुपये झाला. तरी त्याकडे लक्ष गेले ते ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मागच्या सीटवर, पट्टा न लावता, मृत्यू झाल्यानंतर. टॅक्सीत अडचण वेगळीच असते. सीटवर टाकलेल्या कव्हरखाली पट्ट्याची खाच दडपून गेलेली असते. निघण्यापूर्वी ती काढून द्यायला सांगावे. मिळत नसेल तर ती गाडी रात्रीच्या लांब प्रवासाची नव्हे.

वेग हा आणखी एक संकेत. द्रुतगती मार्गाच्या सपाट पट्ट्यात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असली, तरी टॅक्सींना ताशी ८० चा वेगनियंत्रक बसवण्याचे बंधन आहे. पिवळ्या पाटीची गाडी ११० ने धावत असेल तर तिच्या वेगनियंत्रकाशी कोणी तरी खेळ केलेला आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

<b>पिवळी पाटी, पांढरी पाटी</b>

सर्वांत महत्त्वाची तपासणी सर्वांत सोपी आहे आणि ती गाडीच्या बाहेरूनच होते. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरे काळी. विजेवरच्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी, अक्षरे पिवळी. पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतील तर ती चालकाविना, स्वतः चालवायला भाड्याने द्यायची गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी. तिला भाडे घेण्याचा अधिकार नाही.

तरीही पांढऱ्या पाटीच्या गाड्या भाड्याने मिळतात. गाडी नवी असते, स्वच्छ असते, दर दोन रुपयांनी कमी असतो आणि ‘ओळखीतला मुलगा आहे, वाटेत कोणी विचारलंच तर पाहुणे आहोत म्हणा’ अशी सूचना मिळते. दर कमी का, हे समजून घ्यावे. त्या मालकाने परवान्याचे शुल्क, व्यावसायिक विमा, योग्यता तपासणी यांपैकी काहीच भरलेले नसते. नव्या टॅक्सीची योग्यता तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षे कोणी तपासत नाही. २०१९ नंतर नोंदलेल्या टॅक्सींना गाडीचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण बंधनकारक झाले, तेही तिथे नसते.

खरा फटका अपघातानंतर बसतो. विमा कंपनीला दावा नाकारण्यासाठी कायद्याने जी मोजकी कारणे दिली आहेत, त्यांत परवाना नसताना वाहन भाड्याने वापरणे हे एक आहे. मे २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने परवान्याविना वाहन वापरणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग असल्याचे स्पष्ट केले. त्या प्रकरणात कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी असा मार्ग काढला गेला, परंतु तो मार्ग न्यायालयात लढून मिळतो आणि त्याला वर्षे लागतात. ‘पाहुणे आहोत’ असे पोलिसांना दिलेले उत्तर त्या वेळी प्रवाशाच्या कुटुंबालाच गुंत्यात टाकते. भाड्याने होतो म्हणावे तर विमा नाकारला जातो, पाहुणे होतो म्हणावे तर भाडे दिल्याची ऑनलाइन नोंद मोबाइलमध्ये असते.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, हलके मोटार वाहन चालवण्याचा परवाना असलेली व्यक्ती साडेसात हजार किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहनही चालवू शकते, असा निर्णय दिला. काही एजन्सी हा निकाल दाखवून ‘आता सगळे चालते’ असे सांगतात. तो निकाल चालकाच्या परवान्याविषयी आहे, वाहनाच्या परवान्याविषयी नाही. पांढरी पाटी त्या निकालाने पिवळी होत नाही.

गाडीचा क्रमांक हाती आला की केंद्र सरकारच्या एमपरिवहन अॅपवर विमा आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत पाहता येते. क्रमांक आदल्या दिवशी मागून घ्यावा. ‘गाडी सकाळी ठरेल’ असे उत्तर देणारी एजन्सी बहुधा तिसऱ्याच कोणाची गाडी पाठवते. गोवा, हैदराबाद किंवा बेळगावकडे जायचे असेल तर अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हेही विचारावे. २०२१ च्या आणि त्यांच्या जागी २०२३ मध्ये आलेल्या नियमांनी हा परवाना एकाच शुल्कात देशभर लागू केला. तो नसलेल्या गाडीला सीमेवर त्या राज्याचा कर भरावा लागतो आणि पावती प्रवाशाच्या बिलात येते.

सामानाबाबत एक सूचना, कारण ऐन वेळी तारांबळ उडते ती तिथेच. सीएनजीवरच्या गाडीत डिकीचा मोठा भाग टाकीने अडवलेला असतो. परदेशी निघालेल्या दोघांच्या चार मोठ्या बॅगा त्यात मावत नाहीत. गाडी ठरवताना माणसे किती याबरोबर बॅगा किती हेही सांगावे आणि गाडी सीएनजीची आहे का ते विचारावे. सीएनजीची गाडी असेल तर गॅस भरून येण्यास सांगावे, पंपावरच्या रांगेत विमानाची वेळ जाते.

प्रवास संपल्यावर बिल हाती घेऊनच पैसे द्यावेत. त्यावर गाडीचा क्रमांक, सुरुवातीचा आणि शेवटचा मीटर, टोल आणि भत्ता वेगवेगळे लिहिलेले असावेत. थांब्यावरच्या टॅक्सीने ठरवून दिलेल्या दरापेक्षा जास्त घेतले किंवा भाडे नाकारले तर तक्रार त्या भागातल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ यांसह करावी. एजन्सी किंवा अॅपशी बिलावरून वाद असेल तर तो ग्राहकाचा वाद ठरतो. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची. तोवर ड्यूटी स्लिप, बिल आणि दर ठरवतानाचे संदेश पुसून टाकू नयेत.